लोअर आर्म: नुसते बुश बदलायचे की अख्खा आर्म?
घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत दोन पावसाळे काढले आणि गाडीच्या पुढून खटखट सुरू झाली. लोअर आर्म, म्हणजे पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा लोखंडी भाग, उतरवला तर त्याच्या बुशचं, म्हणजे सांगाड्याकडच्या सांध्यातल्या लोखंडी नळीचं, रबर चिरून लोखंडापासून सुटलेलं.

नुसते बुश बरेच स्वस्त पडतात, पण ते प्रेसवरच (दाब देऊन बसवणाऱ्या यंत्रावर) बसवून घ्या. हातोड्याने ठोकले तर नवं रबरही दुखावतं. अख्खा आर्म महाग, मात्र बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याच्यासोबत बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) नवा येतो. माझा कौल त्या जॉइंटवरच ठरतो. तो हलत असेल तर आर्मच बदला, कारण चालत्या गाडीत जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. घट्ट असेल तर बुश पुरेत.

काहीही बदला, बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) दोन्हींत लागतेच.