डेंग्यूत पोटाची सोनोग्राफी: उपयोगी तपासणी, पण रिपोर्ट नीट वाचला तरच

डेंग्यूत उजव्या बरगडीखाली दुखू लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक्स-रेसारखे किरण नाहीत, मशीन खाटेजवळ आणता येतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं तरी अडचण नाही. उणीव एकच, पण मोठी. पित्ताशयाची भिंत किती जाड झाली हे ही तपासणी सांगते, कशामुळे जाड झाली हे एकट्या तिच्यावरून कळत नाही. रिपोर्टवर ‘अकॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस’ (खडे नसताना पित्ताशयाला आलेली सूज) असं वाचलं की घरचे थेट ऑपरेशनचं विचारतात, ते यामुळेच.

उपाशीपोटी पित्ताशयाची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) झिरपतो, त्याबरोबर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही जातं आणि भिंतीच्या थरांत पाणी भरतं. पडद्यावर भिंत पदरापदरांची दिसते. बहुतेक वेळा तिथे जंतुसंसर्ग नसतो. म्हणून जाड भिंतीकडे आधी प्लाझ्मा गळतीची खूण म्हणून बघावं. ५ मिलिमीटरच्या वर गेली, तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि रक्तदाबावर जास्त बारीक नजर हवी.

तपासणी कधी केली यावर बरंच ठरतं. गळतीचा काळ बहुधा तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना येतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. दुसऱ्या दिवशीचा स्वच्छ रिपोर्ट पाचव्या दिवशी कामाचा नाही.

उपाशी राहण्याची नेहमीची सूचना सहा तासांची असते. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि भिंत उगाच जाड दिसते, म्हणून ती सूचना बरोबरच आहे. पण डेंग्यूच्या रुग्णाला पाण्यावाचून ठेवणं चूक. साधं पाणी चालतं; उलट्यांमुळे तेही टिकत नसेल तर सलाईन चालू ठेवूनच तपासणी करावी. घाई असेल तर उपाशी न ठेवताही करावी, फक्त शेवटचं खाणं किती वाजता झालं ते रिपोर्टवर लिहून घ्यावं.

चांगल्या रिपोर्टमध्ये पुढच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये हवी. नुसतं ‘भिंत सुजलेली’ एवढंच असेल, तर उद्या तुलना कशाशी करणार? खडे किंवा गाळ, भोवतीचं पाणी, पित्तनलिकेची रुंदी, प्रोब (पोटावर फिरवायचा मशीनचा भाग) दाबल्यावर नेमकं पित्ताशयावर दुखतं का, हेही हवं. वेदनाशामक दिल्यावर ही शेवटची खूण फसवी ठरते. आणि यकृत व मूत्रपिंडाच्या मधली जागा, दोन्ही फुप्फुसांचा तळ बघितलाच पाहिजे. उजव्या छातीत पाणी आणि जाड भिंत एकत्र दिसली, तर गळतीचा अंदाज पक्का होत जातो. पित्ताशयावरच थांबलेली तपासणी आम्ही अर्धवट मानतो.

अर्थ लावताना हिपॅटायटिस, हृदय कमजोर असणं, यकृताचा जुना आजार यांतही भिंत जाड होते, हे विसरू नये. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी असतात. त्या अचानक वाढल्या, ताप परत चढला, पोट कडक झालं, तर जंतुसंसर्ग, भिंत कुजणं किंवा फुटणं यांचा शोध घ्यावा लागतो आणि सर्जनला बोलवावं लागतं. एरवी उपचार म्हणजे मोजून दिलेलं सलाईन, पॅरासिटामॉल आणि वारंवार तपासणी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन टाळावं, रक्तस्राव वाढतो. प्लेटलेट कमी असताना उगाच केलेलं ऑपरेशन मूळ सुजेपेक्षा जास्त धोक्याचं.

दुखणं कमी होत असेल तर रोज सोनोग्राफीची गरज नाही. गळती थांबली की भिंत बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी एकदा बघून घेतलं तरी पुरतं. तेव्हाही जाडी तशीच असेल, तर डेंग्यूखेरीज दुसरं कारण शोधायला हवं.