गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधलं गास्केट

परवा रात्री नाशिकच्या एका ओळखीच्या जिप्सीवाल्याने फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, ट्रान्सफर केस १९,००० ला मिळतीय, आर्मी डिस्पोजलची. घेऊ का?" ट्रान्सफर केस म्हणजे फोर-व्हील गाडीत गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, आणि डिस्पोजल म्हणजे सैन्याने काढून टाकलेला माल. फोटो मी लगेच ओळखला. त्याच फोटोपायी २०२५ च्या जूनमध्ये माझे ४०,०२० रुपये गेलेत. म्हणजे तो माणूस अजून दुकान मांडून बसलाय, फक्त नंबर बदललाय. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे, फौजी बनून गाड्या विकणारे, हे सगळे प्रकार तुम्हाला माहीत आहेत. मलाही होते. इतरांना सावध करणारे मेसेज मीच पुढे ढकलायचो. तेव्हा "एवढं कसं कळलं नाही" हे मला विचारू नका. ते काम घरी बायको करते.

माझी गाडी १९९७ ची मारुती जिप्सी, एमजी ४१३ डब्ल्यू. १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली, पाच गिअर. २०२२ ला पुनर्नोंदणीचे ५,००० भरून, ग्रीन टॅक्स भरून, आरटीओत तीन चकरा मारून तिचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून घेतलं. ज्यांच्याकडे जुनी जीप किंवा जिप्सी आहे त्यांना सांगायला नको की ही गाडी एकट्याने सांभाळता येत नाही. आम्ही सातारा-कऱ्हाड भागातले सात-आठ जण. कुणाचा क्लच बसला, कुणाचं पुढच्या चाकामागचं नकल सील गळायला लागलं की रविवारी त्याच्या अंगणात जमायचं. एकाकडे घोड्या, एकाकडे चेन पुली, लेथवाला ओळखीचा, आणि ज्याची गाडी त्याच्याकडे जेवण. पार्टची देवाणघेवाण तोंडी. पावती वगैरे मागितली तर समोरच्याला राग येईल असा हिशोब.

तीन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात रात्री साडेदहाला माझ्या मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटला. पाऊस मरणाचा. आमच्यातल्याच कऱ्हाडच्या काकांना फोन लावला. ते फोनवरच म्हणाले, "मागचा शाफ्ट खोलून आत टाक, फोर-हाय लाव आणि पुढच्या चाकांच्या ओढीवर हळूहळू निघ. मी पाटणपर्यंत आलोच." आणि खरंच आले, ६४ वर्षांचा माणूस, खिशात नवीन क्रॉस घेऊन. क्रॉसचे पैसे आजतागायत घेतलेले नाहीत. हे सांगतोय ते कौतुक म्हणून नाही. आमच्यात विश्वास कसा फुकट मिळतो ते कळावं म्हणून. त्या भामट्याने नेमका तोच वापरला.

२०२५ च्या मार्चमध्ये तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. कुणी घेतला यावर अजून वाद आहे. स्वतःला खटाव तालुक्यातला सांगायचा, ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त, सध्या पठाणकोटला कंत्राटावर. आता आमचा जिल्हा कसला, तर घरटी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरी गावाचा. इथे फौजी म्हटलं की माणूस खुर्ची सोडून उठतो. तो मराठीही आपल्याकडचीच बोलायचा, "काय म्हणताय पाव्हणं" वगैरे. सुरुवातीचे दोन महिने त्याने कुणाकडे एक रुपया मागितला नाही. माझी गाडी उन्हात तापली की बंद पडायची आणि अर्धा तास सुरूच व्हायची नाही. त्याने सांगितलं, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घे, तिला गुंडाळ, रिटर्न लाइन चोक आहे का बघ. केलं. गाडी बरी झाली. मी त्याला गुरू करून टाकला. नंतर जुने मेसेज चाळताना कळलं की तो सल्ला शब्दशः कऱ्हाडच्या काकांचा होता, दोन वर्षांपूर्वी एका पोराला दिलेला. आमचंच आम्हाला वाढलं.

मे महिन्यात माझी ट्रान्सफर ताशी ५० च्या वर घुमायला लागली आणि फोर-लो (जास्त ओढीचा, हळू चालायचा गिअर) चढावर आपोआप निसटायला लागला. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली आणि २०१८-१९ मध्ये तिचा बाजार उठला. नवी अख्खी ट्रान्सफर केस शोधायची म्हणजे देव शोधण्यासारखं. भंगारात मिळते तीही कुणीतरी चढावर मारून मारून संपवलेली. त्याने लगेच सांगितलं, "युनिटचा लॉट निघालाय भावा. ९,००० किलोमीटर चाललेली ट्रान्सफर आहे. २२,५०० ला काढून देतो, तुझ्यासाठी." भाव फार स्वस्त नव्हता, हेही लक्षात घ्या. ८,००० म्हणाला असता तर मी हसलो असतो. त्याला बाजार माहीत होता.

१४ जूनला निम्मे, ११,२५०, यूपीआयने. नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं. विचारलं तर "मेव्हण्याचं खातं आहे, माझं पेन्शनचं आहे ते ऑफिसला कळतं." पटलं. पटवून घेतलं.

आणि आता ते १६ जूनचं. संध्याकाळी त्याचा आवाजी मेसेज आला, सतरा सेकंदांचा. "भाऊ, गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर सुटी करताना मधलं गास्केट फाटलं, पण काळजी नको, नवीन टाकून पाठवतो."

मधलं गास्केट! जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटलेलेच नसतात. ट्रान्सफर वेगळी, चॅसीला तीन रबरांवर टांगलेली, आणि दोघांच्या मध्ये आखूड शाफ्ट. त्या मोकळ्या जागेत हात घालून मी स्वतः कितीदा ग्रीस मारलंय. मागच्या दिवाळीत त्या शाफ्टचे बोल्ट आवळताना बोट सोलवटून निघालं होतं, व्रण अजून आहे. ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने बसवलेली असते ती जीपमध्ये, महिंद्राच्या एमएम ५४० वगैरेत. तिथे मध्ये गास्केट असतं. जिप्सीत काय, हवेचं गास्केट घालणार होता?

मी तो मेसेज तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला याचा अर्थ काहीतरी खटकलं होतं. आणि मग मीच त्याची वकिली केली: वीस वर्षं जीपांवर हात चाललेला माणूस, तोंडात सवयीचं आलं असेल. बोटावरचा व्रण समोर होता आणि मी त्याला उत्तर पाठवलं, "ओके साहेब, जय हिंद." हे लिहितानासुद्धा कान गरम होतायत. ओटीपी सांगून फसलेल्या म्हाताऱ्यांना आपण हसतो. मला तर जे येतं, ज्यावर मी चारचौघांत मिरवतो, त्यातच मी फसलो.

पुढचं भराभर सांगतो. १७ जूनला उरलेले ११,२५० आणि त्याच लॉटमधल्या क्राउन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या गिअरजोडीचे) ९,०००. १९ ला पॅकिंग-वाहतुकीचे २,८५०. २१ ला जीएसटीचे ५,६७०, "१८ टक्के, रिफंडेबल आहे". बायको एका व्यापाऱ्याकडे जीएसटीचंच काम करते. तिला विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं की गाडीच्या पार्टवर तेव्हा २८ टक्के होता आणि मेव्हण्याच्या खात्यावर जीएसटी कुणी भरत नाही. पण ही खरेदी तिच्यापासून लपवूनच चालली होती ना! घरात लपवावी लागणारी खरेदी दिसली की भामट्याचं निम्मं काम झालेलं असतं.

बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीचा (एलआर), फोटो आला. २४ ला फोन बंद. २५ ला मी ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला गेलो. तिथल्या माणसाने नंबर बघितला आणि म्हणाला, "हा आमचाच एलआर आहे, पण बारदानाच्या गाठींचा. मेमध्येच उतरला." बिल्टी आली तर तिच्यावर छापलेल्या नंबरला फोन करू नका, तोही त्यांचाच असू शकतो. गोडाउन शोधा आणि तिथे विचारा.

कऱ्हाडच्या काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि ट्रान्सफरकडे न बघता मागे भिंतीपाशी उभ्या गाडीकडे बोट दाखवलं. स्टिअरिंग डावीकडे. परदेशातल्या कुणाच्या तरी गॅरेजचा फोटो. भारतीय सैन्याच्या युनिटात डाव्या स्टिअरिंगची जिप्सी! ते काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

आता पोलीस. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर पालखी जिल्ह्यात यायची होती, सगळे बंदोबस्ताच्या गडबडीत. समजू शकतो. "आठवड्याने या." आठवड्याने गेलो तर "हा सायबरचा विषय, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो तर "तुम्ही माल मागवला, त्याने दिला नाही, हा तुमचा व्यवहारातला वाद झाला, दिवाणी आहे." मी म्हटलं, साहेब, खोटी बिल्टी, खोटा फौजी, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) आहे की. तर म्हणाले, "कलमं आम्हाला शिकवू नका." मग हद्दीचा मुद्दा निघाला: पैसे पडले ते खातं दुसऱ्या राज्यातलं. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मी छापून नेलं होतं. त्यांनी तो कागद माझ्याच अर्जाला टाचला आणि पोच दिली. पोच म्हणजे एफआयआर नव्हे. ही ओळ दोनदा वाचा, कारण मी तीन आठवडे ती एफआयआर समजून खिशात घेऊन फिरत होतो.

बँकेचं तर विचारू नका. "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत आहे." अहो, चोराला दार मीच उघडलं हे मला माहीत आहे, चोर पळतोय त्याला धरा एवढंच म्हणतोय! १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो २५ तारखेला, शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते. पलीकडची मुलगी नीट बोलली, या सगळ्यात तीच एक नीट बोलली, आणि तिने विचारलं, "सर, लगेच का नाही केलात?" लगेच का नाही केला? कारण माल येणार अशी आशा होती, आणि कारण लाज वाटत होती. तुम्ही लाजू नका. तासाभरात केला तर पैसे मध्येच कुठल्यातरी खात्यात अडकवता येतात. चार दिवसांत ते पाच खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. माझे अडकले १,३१६ रुपये. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली ५,०००.

पार्ट लांबून घेणारच असाल तर त्याला सांगा, केसिंगवर खडूने माझं नाव आणि आजची तारीख लिही आणि चालू व्हिडिओत फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) हाताने फिरवून दाखव. कुरकुरला तर सोडून द्या. फौजी ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवणारा फौजी नसतो. डिस्पोजलचा माल लिलावातून निघतो आणि लिलावाला कागद असतो. कागद माळ्यावर आहे, शोधतो, म्हणाला की संपलं. आणि एखादा मुद्दाम चुकीचा प्रश्न विचारा. जिप्सीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा आहेत का म्हणून विचारा. "आहेत की" म्हणाला तर जय हिंद करून फोन ठेवा, जिप्सीला चारही बाजूंना पाटेच (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात.

सगळ्यात वाईट राहिलं. १८ जूनला मी आमच्या माणसांत त्याची हमी घेतली होती. "माझा माणूस आहे, बिनधास्त टाका." एकाने पुढच्या ॲक्सलसाठी १४,५०० टाकले. तो चांगल्या कमाईचा आहे, शिवी घालून मोकळा झाला. दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा, आयटीआयला आहे, आजोबांची एमएम ५४० उभी करतोय. त्याने स्टिअरिंग बॉक्ससाठी ११,००० टाकले, माझ्या शब्दावर. त्याचे ५,५०० मी दिलेत, ५,५०० राहिलेत. कायद्याने माझ्यावर काही नाही असं मला दोघांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी कुणाचे ११,००० गेलेले नव्हते.

ट्रान्सफर शेवटी ऑगस्टमध्ये काकांच्या अंगणात खोलली. आत दोन बेअरिंगं गेलेली, फोर-लोचा शिफ्ट फोर्क झिजलेला, सीलं कडक झालेली. गिअर ठणठणीत. सगळा खर्च ६,३४०, लेथवाल्याचे ४०० धरून. म्हणजे मला दुसरी ट्रान्सफर लागतच नव्हती. आधी खोलून बघायला पाहिजे होतं, पण तयार मिळतंय म्हटल्यावर कोण खोलतो.

बसवताना मी खाली आडवा, ट्रान्सफर जॅकवर, आखूड शाफ्टचे बोल्ट लावत होतो. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, गास्केट घातलंस का मधे?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. तो पोरगा माझ्या शेजारी बॅटरी धरून बसला होता. तो हसला नाही, फक्त बॅटरी थोडी जवळ आणून म्हणाला, "दादा, दहाचा पाना देऊ का बाराचा?"