लॉजवरचा वैद्य, बिनलेबलची पुडी आणि आमच्या आण्णांचा मायस्थेनिया

ज्यांच्या घरात मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा (वापरेल तसे स्नायू दमत जाण्याचा आजार) पेशंट आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. नसला तरी वाचा, कारण हा लॉजवरचा वैद्य संधिवात, दमा, लकवा सगळ्यालाच पुडी देतो.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर आयुष्यभर दिवाणजी. सकाळी एकदम ठणठणीत असायचे आणि संध्याकाळ झाली की वहीतले आकडे दोन दोन दिसायचे, डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची. चष्म्याचा नंबर बदलून झाला, मोतीबिंदू आहे का बघून झालं, कोण म्हणालं लकव्याची सुरुवात आहे. मग जेवताना त्रास सुरू झाला. भाकरीचे चार घास खाल्ले की जबडा दमायचा, हनुवटीला खालून हाताचा आधार देऊन चावायचे. मटणाला तर हातच लावेनात, तेव्हा मात्र घरातले सगळे हादरले, कारण कोल्हापूरचा माणूस मटण नको म्हणतोय म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय.

न्यूरोच्या डॉक्टरांनी त्यांना नुसतं वर बघत राहा म्हणून सांगितलं. बघता बघता पापणी हळूहळू खाली उतरली, मग हातमोज्यात बर्फ भरून दोनेक मिनिटं डोळ्यावर ठेवला तर पापणी वर! पुढं नसेला बारीक करंट देऊन टेस्ट झाली, अँटीबॉडीची रक्त तपासणी पॉझिटिव्ह आली, छातीत थायमस ग्रंथीची गाठ आहे का म्हणून सीटी काढला, ती नव्हती. डॉक्टरांनी नीट समजावलं की नसेचा निरोप स्नायूला जिथं मिळतो ती जागा शरीराच्याच अँटीबॉडी अडवतात, म्हणून वापरेल तसा स्नायू दमतो आणि विश्रांती घेतली की पुन्हा चालतो. अमिताभ बच्चनना झालेला तोच आजार. पायरीडोस्टिग्मिनच्या गोळ्या, स्टेरॉईड अगदी कमी डोसपासून हळूहळू वाढवत, आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, ज्याचा परिणाम दिसायला महिने लागतात हेही आधीच सांगितलेलं.

पण "गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील" एवढं एकच वाक्य काकींच्या डोक्यात बसलं. त्यात गडहिंग्लजकडचे एक पावणे आले आणि म्हणाले, स्टँडजवळच्या लॉजवर एक वैद्य येतात, नसांचे आजार मुळापासून काढतात.

तिथला प्रकार ऐका. खाली रिसेप्शनजवळ एक माणूस पेशंटसारखाच बसलेला, येईल त्याला "तुमचं काय हो? आमच्या आईला इथंच गुण आला" असं करत सगळी माहिती काढून घेणार. आणि वर खोलीत महाराज नाडी धरून डोळे मिटून सांगणार, "संध्याकाळी पापणी पडते, चावताना त्रास होतो." काकी तिथंच खल्लास! फी 500, आणि तीन महिन्यांचा कोर्स 42,000, का तर म्हणे सुवर्णभस्म आहे. फक्त कॅश. पावती नाही, पुडीवर नाव नाही, काही नाही, नुसता पांढरा कागद आणि त्यात करडी पावडर. दोन अटी घातल्या, इंग्लिश गोळ्या सगळ्या बंद आणि कोर्स चालू असताना रक्त तपासायचं नाही, कारण "भस्माची उष्णता रिपोर्टात चुकीची दिसते." ही दुसरी अट किती हुशारीची होती ते नंतर कळलं.

पहिल्या आठवड्यात आण्णा उलट जास्तच ढेपाळले. वैद्य फोनवर म्हणाला रोग बाहेर पडतोय, घाबरू नका. आणि मग खरंच फरक पडला की. पापणी उघडली, भाकरी जायला लागली, तांबडा रस्सा ओरपायला लागले. घरात नुसता आनंदीआनंद, काकींनी आणखी दोघातिघांना तिकडं पाठवलं. तोंड गोल गरगरीत झालं तर सगळे म्हणाले तब्येत सुधारली. सारखी तहान लागते, रात्री चारचारदा उठतात, जरा कुठं आपटलं की काळंनिळं होतं, याकडं कोण बघतंय?

नंतर एका पंधरवड्याला वैद्य आलाच नाही. फोन बंद. लॉजवाला म्हणतो आम्ही फक्त खोली देतो. पुड्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत आण्णांना उलट्या, चक्कर, बीपी खाली, त्यात ताप आणि खोकला. बोलताना आवाज नाकातून यायला लागला, पाणी प्यालं की ठसका. हॉस्पिटलात डॉक्टरांनी एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तर पंधराच्या पुढं जाईनात. आयसीयू, व्हेंटिलेटर, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या निरोगी माणसांच्या अँटीबॉडी). आयव्हीआयजीचा हिशोब वजनावर असतो, किलोला रोज 0.4 ग्रॅम, म्हणजे आण्णांच्या 60 किलोला दिवसाला 24 ग्रॅम, असं पाच दिवस. बिल लाखांत गेलं, दादानं सोसायटीचं कर्ज काढलं.

खरी गंमत पुढं आहे, गंमत म्हणजे संताप. शुगर 340, सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, जवळजवळ तळाला. डॉक्टर म्हणाले याचा अर्थ बाहेरून भरपूर स्टेरॉईड जात होतं आणि ते अचानक थांबलं, शरीर स्वतःचं बनवायचं विसरलं. म्हणजे पुडीनं गुण आला तो भस्मानं नाही, ज्या औषधाला घाबरून घरचे पळाले तेच औषध पुडीत होतं! फक्त डोस माहीत नाही, शुगर-बीपीवर लक्ष नाही, आणि डॉक्टरांकडची जी गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते तिचे 42,000. पहिल्या आठवड्यात "रोग बाहेर पडतोय" तेही तेच, एकदम मोठ्या डोसनं स्टेरॉईड सुरू केलं तर मायस्थेनिया सुरुवातीला बिघडू शकतो, म्हणूनच तर डॉक्टर हळूहळू चढवत होते. आणि रक्त का तपासायचं नाही ते आता तुम्हीच ओळखा.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही. रीतसर वैद्य बिल देतो, औषधाच्या डबीवर घटक, बॅच नंबर, लायसन नंबर असतो. लकव्यासारखे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं तर 1954 च्या कायद्यानंच गुन्हा आहे, तरी हे लोक बिनधास्त पॉम्प्लेट वाटतात. पुड्यांच्या कागदांना चिकटून राहिलेली पावडर आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडं दिलीय, तक्रारही केलीय. पैसे परत मिळतील अशी आशा मला तरी नाही.

आण्णा आता घरी आहेत, गोळ्या वेळेवर, आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलं तर आधी मायस्थेनिया आहे हे सांगायचं, कारण काही अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन यात चालत नाही. तसं कार्ड दादानं त्यांच्या खिशात ठेवलंय.

आणि महत्त्वाचं, तुमच्याकडं अशी पुडी आत्ता चालू असेल तर हे वाचून घाबरून आजच्या आज बंद करू नका, आण्णा पडले ते त्यानंच. पुडी घेऊन सरळ सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा तुमच्या डॉक्टरकडं जा आणि किती दिवसांपासून चालू आहे ते काही न लपवता सांगा, बंद कशी करायची ते तेच ठरवतील.