भावाचा अंगठा मीच धरला होता

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची चार बोटं खडी क्रशरच्या पट्ट्यात गेली. ते दुःख आम्ही घरातले सोसतोय. हे लिहितोय ते अपघातानंतर आम्हाला कसं फसवलं गेलं ते सांगायला, कारण त्यात माझाही हात होता. त्याचा डावा अंगठा शाईला लावून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर मीच टेकवला. भाऊ दहावी झालेला, अक्षर मोत्यासारखं. पण उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं, म्हणून अंगठा.

आधी अपघात कसा झाला ते सांगतो, कारण पुढे कागदावर तो वेगळाच झाला.

जानेवारी २०२२, रात्रपाळी. क्रशरमधून फुटलेला माल पट्ट्यावरून चाळायच्या जाळीकडे जातो. त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या पुलीवर ओली डस्ट चिकटते, थरावर थर बसतो आणि पट्टा एका बाजूला सरकायला लागतो. ती डस्ट काढायची तर प्लँट बंद करायला पाहिजे. पण बंद केला की माल क्रशरच्या जबड्यात अडकतो, भरलेला पट्टा पुन्हा उचलताना मोटर दम टाकते, वेळ जातो आणि शेठचा फोन येतो. म्हणून पोरं चालू पट्ट्यावरच सळईने खरवडतात. पुलीवरची संरक्षक जाळी साफसफाईच्या आड येते म्हणून मुकादमानेच महिनाभर आधी काढून ठेवायला लावली होती. पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते, ओढली की पट्टा थांबतो. ती तुटलेली होती. सळई पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेली, तिच्यामागे हात गेला. लोक विचारतात, सळई सोडून का दिली नाही? पट्टा सेकंदाला दीड मीटर पळत असला, तर ‘सोड’ हे डोक्यातून हातापर्यंत पोचायला जो पाव सेकंद लागतो, तेवढ्यात हात सव्वा फूट आत गेलेला असतो.

मुकादमाने त्याला शेठच्या गाडीत घातलं. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रावर थांबून रक्त थांबेल एवढं बांधून घेतलं आणि तिथून शेठच्या ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन सुरू होतं आणि केसपेपर लिहून झाला होता. त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी टेम्पो चालवतो, इंग्रजी जेमतेम वाचता येतं, पण त्या रात्री वाचायचं सुचलंही नाही. त्या दोन ओळींत लिहिलं होतं की घरी कडबाकुट्टीत हात गेला. आमच्या घरी ना जनावर, ना कडबाकुट्टी. सांगणारा मुकादम होता आणि लिहिणाऱ्याने विचारलं नाही. कामावरचा अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, व्हायला हवी होती. घरचा अपघात लिहिल्यावर तो प्रश्नच मिटला.

आमची फसवणूक तिथे झाली. अंगठा नंतरची गोष्ट. अजूनही कुणी मला विचारलं की सगळ्यात मोठी चूक कोणती, तर मी त्या दोन ओळी सांगतो. पैसे, वकील, साक्षीदार नंतर गोळा करता येतात. पहिल्या तासात केसपेपरवर ‘कसं झालं’ या रकान्यात जे पडतं ते खोडायला वर्षं लागतात.

सहाव्या दिवशी एक माणूस आला. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात फाइल. मुकादम त्याला ‘साहेब’ म्हणत होता म्हणून मीही म्हणालो. फार गोड बोलला. आईच्या पाया पडला. म्हणाला, “शेठला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय. दवाखान्याचं सगळं बिल शेठ भरणार, वर ६०,००० रुपये रोख देणार, आणि पोरगा बरा झाला की वजनकाट्यावर बसून काम. फक्त एक कागद लागतो, हिशोबासाठी.” मी म्हणालो, काय लिहिणार ते आधी लिहा. तो म्हणाला, “टाइप करायला बाहेर जावं लागेल, शेठ आज रात्री परगावी चाललेत, मग आठवडाभर पैसे नाहीत.” आईने माझ्याकडे बघितलं. भाऊ गुंगीत होता. “दादा, तू सांगशील तसं,” एवढंच बोलला. मी त्याचा अंगठा धरला. साक्षीदार म्हणून खाली सही माझी.

बिल भरलं हे उपकार वाटत होते. २००९ च्या दुरुस्तीपासून कामावरच्या जखमेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचाच असतो, आणि तो भरपाईच्या वर, वेगळा, हे मला दोन वर्षांनी कळलं. वजनकाट्यावरचं काम दीड महिना टिकलं. नंतर मुकादमाने फोन उचलणं बंद केलं.

त्यानंतर दुसरी फसवणूक. आमच्याच ओळखीतल्या एकाने एक एजंट गाठून दिला. हा भरपाईच्या केसेस करतो म्हणाला. १५,००० रुपये घेतले, भावाच्या डिस्चार्जचा मूळ कागद घेतला, केस टाकली म्हणून एक नंबर मोबाइलवर पाठवला. तारीख विचारली की म्हणायचा, साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात बघू. असे सोळा महिने गेले. शेवटी जिथे केस टाकली म्हणत होता त्या ऑफिसच्या खिडकीवर मी स्वतः गेलो. कारकुनाने नंबर बघून सांगितलं, हा नंबर दुसऱ्याच माणसाच्या केसचा आहे. तुमच्या भावाच्या नावाने इथे काहीच नाही. त्याच कारकुनाने आवाज खाली करून विचारलं, अपघात कधीचा? मी सांगितलं. “मग पळा,” तो म्हणाला, “दोन वर्षांची मुदत आहे.” उशिराला सबळ कारण असलं तर माफी मिळू शकते, पण त्या एजंटला ती मुदत संपायलाच हवी होती, असं मला आज वाटतं. त्याची ओळख करून देणारा मुकादमाचा मेव्हणा निघाला.

त्या खिडकीवरून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथे औद्योगिक कामगाराला वकील फुकट मिळतो, हा कायदाच आहे, १९८७ चा. तिथल्या वकीलबाईंनी अर्ध्या तासात जे सांगितलं ते ऐकून मला स्वतःच्या कानफटीत मारून घ्यावंसं वाटलं.

कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची चारही बोटं गेली तर कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं छापलेलं आहे. कुणी ठरवायची गोष्ट नाही. नुसता अंगठा गेला तर ३०, तीन बोटं गेली तर ३०, दोन गेली तर २०. भावाचा पगार १४,००० होता, वय ३० पूर्ण. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ८,४००, गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८. येतात १७,४७,०३२ रुपये. त्याचे ५० टक्के म्हणजे ८,७३,५१६ रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. आम्ही अंगठा दिला ६०,००० वर.

मी विचारलं, पण आता अंगठा तर दिलाय, काय उरलं? बाई म्हणाल्या, त्या कागदाने तुमच्या भावाचा हक्क जात नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे मुळातच रद्द असतो. मालक आणि कामगार यांच्यात रकमेची तडजोड झाली तर तिचं निवेदन भरपाई आयुक्तांकडे पाठवून नोंदवायला लागतं. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतो, आणि आधी दिलेल्या पैशातून, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करू शकत नाही. म्हणजे त्या ६०,००० मधले फार तर ३०,०००. ज्या कागदाला मी दोन वर्षं घाबरलो, रात्री झोपलो नाही, तो मला घाबरवण्यासाठीच होता.

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यानंतर झालेल्या अपघाताला कलमांचे क्रमांक वेगळे असतील. आमचा अपघात आधीचा, म्हणून मी जुनेच सांगतोय. आणि ज्याचा पगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, कापला जातो त्याची भरपाई ईएसआयकडून येते. भावाचं नाव तिथे कधी घातलंच नव्हतं.)

मुदतीला अकरा दिवस असताना अर्ज दाखल झाला. शेठचं उत्तर आलं ते मी चार वेळा वाचून घेतलं. पहिलं म्हणणं, हा माणूस आमच्या प्लँटवर नव्हताच, घरी कडबाकुट्टीत हात गेला, आम्ही माणुसकीने मदत केली. कोऱ्या कागदावर नंतर हेच टाइप झालं होतं. दुसरं म्हणणं, असलाच तर ठेकेदाराचा माणूस होता. तिसरं, प्लँटवर असलाच तर दारू प्यायलेला होता आणि जाळी त्यानेच मुद्दाम काढली. माझा भाऊ माळकरी आहे. ते वाचून तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

ठेकेदाराचा मुद्दा टिकत नाही, कारण आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मुख्य मालकही भरपाईला जबाबदार असतो. त्याने देऊन मग ठेकेदाराकडून वसूल करावं. दारूचा मुद्दा मात्र हिशोबाने घातलेला आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मालकाला ही सबब सांगता येत नाही. भावाचं अपंगत्व ५० टक्के, म्हणून सांगता येते. हा आरोप आपल्यावर येणार असं प्रत्येक जखमी क्रशर कामगाराने धरूनच चालावं आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगून शुद्धीत होता, दारूचा वास नव्हता, असं लिहून घ्यावं.

आता सिद्ध काय करायचं, तर तो तिथे कामाला होता. पगार रोख, हजेरीच्या वहीत नाव नाही, ओळखपत्र नाही. सोबतची पोरं साक्षीला यायला घाबरतात, त्यांचीही चूल तिथेच पेटते. मी त्यांना दोष देत नाही. पण भाऊ अधूनमधून काट्यावर बसायचा, गाड्यांच्या वजनाच्या पावत्या भरायचा. दोन टेम्पोवाल्यांनी जुन्या पावत्या शोधून दिल्या. अक्षर त्याचं. उलट बाजूच्या वकिलाने म्हटलं, अक्षर जुळवून दाखवा. कशाने जुळवणार? ज्या हाताचं अक्षर होतं त्या हाताला बोटं नाहीत. मग आईने ट्रंकेतून त्याच्या शाळेच्या वह्या काढल्या. आईने रद्दीत काही टाकलं नव्हतं.

आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्र. वकीलबाईंनी विचारलं, थेट खाजगीत नेलं का, मध्ये कुठे थांबले? मला आठवलं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून त्या रात्रीच्या नोंदवहीची नक्कल मागवली. ड्यूटीवरच्या सिस्टरने मराठीत एक ओळ लिहिली होती: “क्रशरच्या पट्ट्यात उजवा हात, रक्तस्राव, पट्टी बांधून पुढे पाठवले.” वेळ, तारीख, नाव. केसपेपर लिहून घेणाऱ्यांना ही ओळ माहीतच नव्हती. ती सिस्टर कोण, आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. तिने नेहमीसारखं आपलं काम केलं. आमची अख्खी केस तिच्या एका ओळीवर उभी आहे.

त्याच प्लँटवर चाळायच्या जाळीजवळ काम करणारे एक काका आहेत. तीन वेळा टीबीचा कोर्स झाला, खोकला जात नाही, चार पायऱ्या चढले की बसतात. त्यांना सगळे तंबाखू सोडा म्हणतात. दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत बसून होणारा सिलिकोसिस हा त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायातला रोग म्हणून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. छातीचा एक्स-रे बघताना डॉक्टरला आपण काय काम करतो ते सांगायचं असतं, हेही नाही. मी सांगून आलो. ते म्हणाले, “आता या वयात शेठशी वैर कशाला?” मी पुन्हा जाणार आहे.

केस अजून चालू आहे. उलट बाजू तारीख मागते, तारीख मिळते.

मागच्या महिन्यात रात्री दहाला एका टेम्पोवाल्याचा फोन आला. त्याच प्लँटवर एका पोराच्या पायावर फीडरमधला, म्हणजे क्रशरमध्ये दगड सोडणाऱ्या यंत्रातला, दगड आला, त्याच दवाखान्यात नेलंय. मी टेम्पो वळवला. पोरगं विशीचं, परप्रांतीय, सोबत फक्त त्याची आई, तिला आमची भाषा धड येत नव्हती. बाकावर मुकादमाशेजारी पांढऱ्या शर्टातला तोच माणूस बसला होता, मांडीवर फाइल. मला बघून त्याने ओळख दाखवली नाही. मी काउंटरवर गेलो आणि केसपेपर मागितला. कारणाच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, डॉक्टर, पोरगा शुद्धीत आहे, त्यालाच विचारा कसं झालं ते, आणि तो सांगेल तेच लिहा, आणि एमएलसी करा. डॉक्टरने मुकादमाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिथून हललो नाही. त्याने पोराला विचारलं. पोरगा म्हणाला, क्रशर पे, काम करते हुए. लिहिलेलं मी त्या माउलीला वाचून दाखवलं आणि तिच्याच मोबाइलमध्ये फोटो काढून दिला. मागे वळलो तेव्हा बाक रिकामा होता.