बेळगावातून पदवी: दूरस्थ की ऑनलाइन?

बेळगावच्या भाचीला नोकरी न सोडता महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची पदवी हवी आहे. दूरस्थ शिक्षणाचा रस्ता महाराष्ट्राच्या सीमेवर, शिनोळीच्या हद्दीवरच अडतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे राज्य विद्यापीठाला दूरस्थचं अभ्यासकेंद्र राज्याबाहेर उघडता येत नाही. मग रविवारची सुट्टी घालवून एसटीने चंदगडकडे संपर्कसत्राला, म्हणजे समोरासमोरच्या तासांना, जायचं कोण? ऑनलाइनला ही हद्दच नाही. बेळगाव काय नि दुबई काय. (दुबईत ती पदवी चालते का, हे तिथल्या नियमांत बघावं लागतं.) दूरस्थची छापील पुस्तकं वीज गेली तरी वाचता येतात, हा भाचीचा मुद्दा खरा. यूजीसीच्या लेखी दोन्ही पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या. मात्र यूजीसीच्या मान्यतेच्या यादीत नुसतं विद्यापीठाचं नाव पुरत नाही. नेमका तोच अभ्यासक्रम आणि तेच प्रवेशसत्र हवं. मी तिला ऑनलाइनच सांगितलं.