शेपशिफ्टर राजे-राण्यांच्या विनोदी प्रेमकथा: काही महिने सलग वाचल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत ई-बुकांचं सबस्क्रिप्शन घेतलं, आता बाजारात केसर आंबा आला. मधल्या काळात या प्रकारातलं इतकं वाचलं की लांडग्यांच्या राजघराण्यांची वंशावळ मला आमच्या भाऊबंदकीपेक्षा चांगली पाठ झाली आहे. प्रकार मजेचा आहे. त्यातलं बरंचसं टाकाऊ आहे, हेही खरं. पण टाकाऊ कुठलं ते पहिल्या दोन प्रकरणांतच कळतं, त्यामुळे फार वेळ वाया जात नाही.

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: नायक माणूसही असतो आणि जनावरही, शिवाय गादीचा वारस. नायिका बहुधा कर्जात बुडालेली, बेकरी नाहीतर पुस्तकांचं दुकान चालवणारी. तो तिच्या दुकानात येतो, नाक फेंदारतो आणि त्याला वासावरूनच कळतं की हीच आपली. याला ‘फेटेड मेट’ म्हणतात. मग दरबारी कटकारस्थानं, एखादी खडूस राजमाता, आणि शेवटी लग्न. शेवट गोड होणार हे आधीपासून ठरलेलंच असतं, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता विनोद. तो जमतो कुठे, तर जनावर असण्याचा आणि राजा असण्याचा रोजच्या जगण्यात त्रास होतो तिथे. एका कथेत अस्वलांचा राजा आहे. शरद ऋतू लागला की त्याची भूक अनावर होते, कारण थंडीभर झोपायचं असतं. मंत्रिमंडळाची बैठक चालू, समोर शेजारच्या राज्याशी तह, आणि महाराजांचं सगळं लक्ष खुंटीवर टांगलेल्या खारवलेल्या माशांकडे. प्रधान हळूच मासे खिडकीबाहेर सरकवतो. महाराज न वाचताच सही करतात आणि जांभई देतात. नव्या राणीला त्याच रात्री समजतं की वसंत येईपर्यंत राज्य तिलाच चालवायचं आहे, आणि हे लग्नाआधी तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं. ही बाई पुढे कोठीघराची चावी मागते तिथपासून मी मोठ्याने हसत होते. यात एकही ओढूनताणून केलेला विनोद नाही. अस्वल खरोखर असंच वागतं, लेखिकेने फक्त त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

कपड्यांचंही तेच. जनावराचा माणूस झाला की अंगावर काही नसणार. चांगली लेखिका यातून एक हुजऱ्या उभा करते, जो जंगलभर पंचा घेऊन महाराजांच्या मागे धावतो. वाईट लेखिका कपडे जादूने परत आणते. मग विनोद गेला, आणि हुजऱ्याची नोकरीही गेली.

आमचा शनिवारचा एक घरगुती कट्टा आहे बडोद्याच्या दांडिया बाजारात. कोणाच्या तरी घरी जमायचं, सेवउसळ खायची आणि काय वाचलं ते बोलायचं. तिथे राजवाडा या विषयावर सगळ्यांचं एकमत झालं, तेही नापसंतीचं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला राजवाड्यात काय काय असतं ते ऐकून तरी माहीत असतं: कारखाने, फडणिशी, मानकरी, कोण कुठे बसणार यावरची भांडणं. या कथांतल्या राजवाड्यांत झुंबर आणि जिना एवढंच असतं. स्वयंपाक कोण करतं, पगार कुठून निघतात, सारा कोण भरतं, काही पत्ता नाही. आणि ‘हरवलेला वारस’ म्हणजे तर थट्टाच. मंगळवारी सापडतो, शुक्रवारी राज्याभिषेक. आपल्या सयाजीरावांना 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तेव्हा ते नाशिककडच्या कवळाण्याहून आलेले शेतकऱ्याचे पोर होते. लिहिण्यावाचण्यापासून सगळं शिकवायला इलियट साहेबांना नेमलं, राज्य दिवाण टी. माधवरावांनी सांभाळलं, आणि पूर्ण अधिकार मिळाले ते 1881 मध्ये. ही मधली सहा वर्षं विनोदी लेखकाला किती माल पुरवतील! ज्याला जेवताना अधूनमधून शेपूट फुटते अशा पोराला दरबारी रिवाज शिकवणारा मास्तर कोणी लिहिला तर मी विकत घेऊन वाचीन.

लांडग्यांबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. प्रत्येक लांडगा-युवराज ‘अल्फा’, कळपाचा म्होरक्या असतो, म्हणजे गुरगुरतो, हुकूम सोडतो, आणि नायिका चिडली की त्याला ती गोड दिसते. या अल्फाचं मूळ शेंकेल नावाच्या संशोधकाच्या 1947 च्या अभ्यासात आहे. त्याने पाहिलेले लांडगे बंदिस्त जागेत कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ही कल्पना जगभर गेली, आणि त्याच मेकनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पिल्लं. थोडक्यात, अल्फा म्हणजे बाबा. हे एकदा कळल्यावर उघड्या छातीचा तो युवराज गंभीरपणे वाचताच येत नाही, दर वाक्याला तो ‘दिवे कोणी चालू ठेवले’ असं ओरडेल असं वाटतं. एका लेखिकेने नेमकं हेच केलं आहे. तिचा लांडगा-राजा सहा मुलांचा विधुर बाप आहे आणि गुरगुरतो तो गृहपाठावरून. लांडग्यांमधलं मला आवडलेलं तेवढं एकच.

सिंहांचं तर विचारू नका. गीरचं जंगल आपल्याच गुजरातेत, त्यामुळे शिकार बहुतेक सिंहिणी करतात हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. कथेतले सिंह-महाराज मात्र स्वतः हरिण मारून राणीपुढे आणून टाकतात.

‘फेटेड मेट’वरून कट्ट्यावर चांगलीच जुंपली. जाऊबाईंचं म्हणणं, वासावर सगळं ठरणार असेल तर प्रेमकथा उरली कुठे? मनधरणी नाही, नकार नाही. मालतीमावशी म्हणाल्या, ‘‘आमची लग्नं पत्रिकेवर जुळली, यांची नाकावर जुळतात. त्यात काय एवढं? आणि नवीन काय आहे गं यात, हिडिंबा वाचा की.’’ आणि खरंच आहे. भाऊ राक्षसांचा म्होरक्या, त्याने पांडवांना मारून आणायला पाठवलं, ही भीमाला पाहून विरघळली आणि सुंदर स्त्रीचं रूप घेऊन पुढे आली. सासूसमोर रीतसर मागणी घातली. अट काय पडली, तर दिवसा घेऊन जा, रात्री परत आणून सोड. या अटीत जेवढा विनोद आहे तेवढा कित्येक आख्ख्या पुस्तकांत नाही. यावर जाऊबाईंनी दमयंती काढली. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसलेले. तिने पाहिलं की यांना घाम नाही, पापणी लवत नाही, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, हार कोमेजत नाही. आणि धुळीने माखलेला, घामाघूम झालेला खरा नळ निवडला. ‘‘ओळखायचं काम तिने केलं,’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘तुमच्या बेकरीवालीला फक्त हुंगलं जातं.’’ मी त्यांच्या बाजूने आहे. ज्या थोड्या कथांत नायिका त्याला जनावरांच्या घोळक्यातून त्याच्या खोडीवरून ओळखते, त्याच माझ्या लक्षात राहिल्या.

भाच्याच्या आग्रहावरून याच प्रकारातली हिंदी ऑडिओ मालिकाही एका अॅपवर ऐकली. सुरुवातीचे भाग फुकट, मग दर भागाला कॉइन. युवराज तिच्याकडे बघायला लागतो आणि बघणं संपेपर्यंत आपले कॉइन संपतात. विनोद औषधालाही नाही. तिथे पैसे घालवू नका.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. लांडगे झाले, अस्वलं झाली, मगरीचं राजघराणं कोणीच कसं लिहीत नाही? विश्वामित्री नदी बडोदा शहराच्या मधून वाहते, त्यात मगरी, आणि 2024 च्या ऑगस्टच्या पुरात त्या सरळ सोसायट्यांत आल्या होत्या. मगरीचं अंडं कुठल्या उष्णतेत उबतं त्यावर नर की मादी ते ठरतं. म्हणजे युवराज हवा म्हणून राजमाता घरट्यावर थर्मामीटर घेऊन बसलेली, नणंद गुपचूप वाळू ओली करतेय. अख्खं पहिलं प्रकरण तयार आहे.

सबस्क्रिप्शन मी पुढे चालू ठेवतेय, मुख्यतः मावशींसाठी. त्यांना फोनवर अक्षरं मोठी करून दिली की छापील पुस्तकापेक्षा बरं दिसतं. शृंगाराची पानं त्या सरकवतात असं म्हणतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून काही कळत नाही, सगळ्यांवर तोच उघडाबंब गडी असतो, त्यामुळे नमुन्याची पानं वाचूनच घ्या. सुरुवात अस्वलांपासून करा, लांडगे शेवटाला ठेवा, आणि वर्णनात ‘रूथलेस’ हा शब्द दिसला की पुढचं पुस्तक बघा.