देशी मांगुराच्या नावाखाली विकलेला आफ्रिकी मांगूर

शेततळ्यासाठी देशी मांगूर या माशाचे बीज, म्हणजे पिले, म्हणून आम्हांला जे विकण्यात आले ते आफ्रिकी मांगुराचे, म्हणजे बाजारात ज्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात त्याचे निघाले. त्याच्या पालनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर उजनीच्या परिसरासह राज्यात ठिकठिकाणी असे साठे नष्ट करण्यात आले आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ कमी दर्जाचा माल पदरी पडण्याचा नव्हता. माल तळ्यात असणे हाच गुन्हा ठरत होता.

परराज्यातून बीज पुरवणाऱ्या या विक्रेत्याचे बोलणे अतिशय मुद्देसूद होते. बीज तीन इंची आहे, एकसारख्या मापाचे आहे, अंगावर खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या आहेत, पाठीचा पर शेपटीपर्यंत लांब गेलेला आहे, असे त्याने एकेक करून सांगितले आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्या उतरवल्यावर त्यातली चार पिले परातीत काढून, पट्टी लावून दाखवलीही. त्याने सांगितलेले प्रत्येक लक्षण खरे होते. फसवणूक नेमकी तिथेच होती, कारण ही सगळी लक्षणे दोन्ही माशांत सारखीच असतात. पाठीच्या पराचे काटे मोजले तरी उलगडा होत नाही: देशी मांगुराच्या पाठीच्या परात साधारण ६० ते ७६ काटे असतात, तर आफ्रिकी मांगुराच्या परात ६१ ते ८०. लांबी तर वयाप्रमाणे आणि खाद्याप्रमाणे बदलते, म्हणून बीज इंचावर विकत घेताना आपण फक्त त्याचे वय विकत घेत असतो, जात नव्हे. हे विक्रेत्याला पुरेपूर ठाऊक होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे संशय आला तो वाढीवरून. देशी मांगूर सावकाश वाढतो आणि सहसा एक फुटाच्या आतच राहतो; आमच्या तळ्यातले काही मासे मात्र पहिल्याच हंगामात अर्ध्या किलोच्या पुढे गेले, बाकीचे मागे पडले आणि संख्या झपाट्याने घटू लागली, कारण मोठे मासे लहानांना गिळत होते. काठावरचे बेडूकही दिसेनासे झाले. आफ्रिकी मांगूर दीड मीटरहून लांब आणि ६० किलोपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, हे कळल्यावर या भुकेचे नवल वाटले नाही. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा ‘जात चांगली उतरली आहे, कोंबडीच्या दुकानातले टाकाऊ मांस घाला’ असा सल्ला मिळाला.

खरी ओळख पटवून दिली ती मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या एका परिचित प्राध्यापकांनी. त्यांनी मासा पालथा ठेवून डोक्याच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवायला लावला. तिथे कातडीखाली कवटीचे हाड मागे निघालेले असते. देशी मांगुरात ते निमुळते होत एका टोकाला मिळते. आमच्या माशात ते रुंद होते आणि त्याची कड इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरासारखी वरखाली गेलेली स्पष्ट लागत होती. मग त्यांनी कल्ल्याचे झाकण उचलून आतल्या कमानीवरचे बारीक दाते दाखवले. आफ्रिकी मांगुरात हे दाते लांब आणि दाटीने असतात, माशाच्या वाढीबरोबर त्यांची संख्याही वाढत जाते आणि मोठ्या माशात ती शंभराच्या वर पोहोचू शकते. देशी मांगुरात ते मोजके असतात. राखाडी पाठीवरचे अनियमित काळसर डाग हेही एक लक्षण, पण पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे रंग फिका-गडद होत असल्याने केवळ रंगावर विसंबू नये, असे त्यांनी बजावले. दोन्ही जातींचा संकर झालेला असेल, तर हाडाचा आकारही मधलाच येतो, अशा वेळी जनुकीय तपासणीवाचून इलाज नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाला कळवल्यानंतर पंचनामा झाला आणि सगळा साठा खड्ड्यात पुरावा लागला. हा मासा हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत जाऊ शकतो, म्हणून तळ्यातले पाणी सोडण्याआधी सांडव्याला बारीक जाळी लावावी लागली. तो ओढ्यात गेला असता तर तिथल्या स्थानिक माशांवर संक्रांत आली असती. बीज, खाद्य आणि मजुरी यांचा खर्च अंगावर पडला, भरपाईची तरतूद नाही. विक्रेता तर हात झटकून मोकळा झाला. ‘देशी’ हा शब्द तो फक्त तोंडी वापरत असे. पावतीवर त्याने ‘मांगूर बीज, तीन इंची’ एवढेच लिहिले होते आणि मांगूर मागितला, मांगूरच दिला, असे तो आता म्हणतो.

म्हणून बीज घेणाऱ्यांनी पावतीवर ‘क्लॅरियस मागूर’ हे देशी मांगुराचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. त्याला जो टाळाटाळ करील त्याच्याशी पुढचा व्यवहार करू नये. तीन इंची पिलांत डोक्यामागचे हाड बोटाला नीट लागत नाही, तेव्हा ज्या जोड्यांपासून बीज काढले ते प्रजनक मासे प्रत्यक्ष पाहावेत आणि आलेल्या मालातली काही पिले अल्कोहोलमध्ये तारखेसह जपून ठेवावीत. तक्रार करताना तोच पुरावा उपयोगी पडतो. जाहिरातीतल्या छायाचित्रांकडेही नीट पाहावे. आमच्या विक्रेत्याने पाठवलेल्या सगळ्या छायाचित्रांत मासा कुशीवर होता. डोके वरून दिसेल आणि शेजारी मोजपट्टी असेल असे प्रजनक माशाचे छायाचित्र आधी मागावे, मगच आगाऊ रक्कम द्यावी.